कारणावाचून प्रवास

पश्चिमेकडून येणारी वर्धा आणि उत्तरेकडून उतरणारी वैनगंगा या दोन नद्या जेथे एकमेकींस भेटतात व प्राणहिता हे नाव धारण करून गोदावरीच्या दिशेने निघतात, त्या संगमाच्या आतल्या कोनात गोंडपिपरीचा मुलूख वसलेला आहे. जुन्या दप्तरात हा भाग घाटकुळ परगण्याच्या आसपासचा म्हणून ओळखला जाई. आज तो चंद्रपूर जिल्ह्यातील एक तालुका आहे, आणि पूर्वेला आष्टीचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा, दक्षिणेला वर्धेचे पात्र ओलांडले की तेलंगण, अशी त्याची सीमा आहे. या तालुक्याच्या गावी रेल्वेचे स्थानक नाही. उत्तरेस बल्लारशाह सुमारे चाळीस किलोमीटरवर, आणि दक्षिणेकडच्या गावांना नदीपलीकडचे सिरपूर जवळचे. म्हणजे रूळ दोन्ही बाजूंनी येऊन थबकलेले आणि मधला मुलूख बैलगाडीच्या चाकोरीचा, पुढे एस.टी.चा. अशा ठिकाणी उभे राहून आगगाडीने हिंडण्याच्या रिवाजाचा इतिहास पाहणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु घराच्या दारापासून स्थानकापर्यंतची वाट जेथे लांब असते, तेथेच कोण प्रवासाला निघतो, कोणाबरोबर निघतो आणि निघण्यासाठी त्याला कोणते कारण दाखवावे लागते, या गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात.

युरोपातील तरुणांमध्ये गेली पन्नास वर्षे एक प्रथा चांगली रुजलेली आहे. शाळेची अखेरची परीक्षा आटोपली की चार-पाच मित्र पाठीवर पिशव्या घेऊन निघतात, एकाच पासावर देशामागून देश आगगाडीने पालथे घालतात, रात्रीच्या गाडीत झोपून मुक्कामाचे भाडे वाचवितात, आणि महिनाभराने घरी परततात. आपल्याकडच्या शिकलेल्या वर्गाला या प्रथेचे मोठे अप्रूप आहे, आणि आपल्या समाजाला अशी भटकंती ठाऊकच नाही, आपला पिंड घरकोंबडेपणाचा, असा निष्कर्ष त्या अप्रूपातून घाईने काढला जातो. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, मुलुखाचा इतिहास या निष्कर्षाला मुळीच दुजोरा देत नाही.

या मुलुखात दळणवळणाचा पहिला मोठा बेत आखला गेला तो रुळांचा नव्हता, पाण्याचा होता. सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोदावरी जलमार्गाची योजना निघाली, आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा-वैनगंगेवरून प्राणहितेत, तेथून गोदावरीत आणि अखेर पूर्व किनाऱ्यावर काकिनाड्याला उतरवावा, असा तिचा हेतू होता. नदीच्या वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते व त्यांतील तिसरा प्राणहितेवर देवलमरीजवळ होता. कर्नल हेग यांच्या देखरेखीखाली बांध, कालवे आणि दारे बांधण्याचे काम कित्येक वर्षे चालले. मजूर हिवतापाने जर्जर झाले, पैसा पाण्यासारखा गेला, आणि १८७१ मध्ये सरकारने योजना सोडून दिली. त्यापूर्वीच, १८६७ मध्ये, मुंबईहून निघालेले रूळ नागपूरला पोहोचले होते आणि कापसाने आपली दिशा बदलली होती. गोंडपिपरीच्या अंगणातून जाऊ पाहणारा महामार्ग अशा रीतीने कागदावर राहिला. अहेरीच्या जंगलातील सागाचे ओंडके मात्र त्याच प्रवाहावर तराफ्यांनी राजमहेंद्रीकडे वाहत राहिले.

पुढे रूळ आले तेही माणसांच्या ओढीने आले नाहीत. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा फाटा १८७० नंतरच्या दशकात टाकला गेला तो वरोऱ्याच्या सरकारी कोळशासाठी. त्या फाट्याच्या नावातच कोळसा होता. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली, बल्लारपूरला नवी खाण सुरू झाली, आणि रूळ कोळशामागोमाग चांद्यावरून बल्लारशाहपर्यंत, म्हणजे बल्लारपूरच्याच स्थानकापर्यंत, गेले. दुसऱ्या बाजूने बंगाल-नागपूर रेल्वेने पहिल्या महायुद्धाच्या आधी गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल अशी अडीच फुटी रुंदीची छोटी लाइन चांदा फोर्टपर्यंत आणली, आणि तिचे डोळे धानावर व जंगलाच्या मालावर होते. आलापल्लीचे सागवान आष्टी-गोंडपिपरीच्या रस्त्याने बल्लारशाहच्या आगारात येऊन पडू लागले आणि तेथून मालडब्यांत चढू लागले. या सर्व बांधणीच्या हिशेबात उतारू हे दुय्यम उत्पन्न होते. परंतु लोकांनी रेल्वेच्या मूळ हेतूची फारशी पर्वा केली नाही. कोळशासाठी आलेल्या गाडीला दोन-चार तिसऱ्या वर्गाचे डबे जोडलेले दिसताच त्यांनी आपले काशी-रामेश्वर त्या डब्यांत नेऊन बसविले.

काशी-रामेश्वराच्या यात्रेची रचना मुळातच वर्तुळाकार आहे. गंगेचे पाणी रामेश्वरास न्यावयाचे, तेथे अभिषेक करावयाचा, सेतूची वाळू घ्यावयाची आणि ती परत प्रयागास नेऊन गंगेत सोडावयाची, हा शास्त्राचा क्रम; ज्याला इतके साधत नाही तो एक बाजू तरी पदरात पाडून घेतो. पायी करणाऱ्याला या फेऱ्यात वर्षे लागत, आणि माणूस परत येईल अशी खात्री नसल्यामुळे घरची निरवानिरव करूनच तो निघे. मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग जबलपूरजवळ १८७० मध्ये जोडला गेल्यावर मध्यप्रांतातून प्रयाग-काशीला गाडीने जाणे शक्य झाले. पांबनचा समुद्रावरील पूल १९१४ मध्ये खुला झाला आणि रामेश्वराच्या बेटावर गाडी जाऊ लागली. तरीही चांद्याच्या माणसाला दक्षिणेत उतरण्यासाठी आधी वर्ध्याला जाऊन, तेथून पश्चिमेकडे भुसावळ, मनमाड, दौंड आणि मग रायचूर असा फार मोठा वळसा घालावा लागे, कारण बल्लारशाहच्या पुढे रूळच नव्हते. निजामाच्या रेल्वेने काझीपेठ ते बल्लारशाह हा दुवा १९२९ मध्ये पुरा केला, आणि एका टोकाचे आडगाव ठरलेले बल्लारशाह एकाएकी दिल्ली-मद्रास या महामार्गावर येऊन बसले. त्याच वर्षी पेशावर ते मंगळूर अशी, चार दिवसांहून अधिक काळ चालणारी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली. पुढे ती दिल्ली-मद्रास अशी स्थिरावली. गोंडपिपरीकडचा शेतकरी ज्या फलाटावर सागाचे ओंडके पाहत आला होता, तेथूनच आता उत्तरेस काशी व दक्षिणेस रामेश्वर अशा दोन्ही दिशा फुटल्या.

ही यात्रा एकट्याने करण्याची रीत नव्हती. धानाची मळणी उरकून, सरकारी सारा चुकता होऊन, संक्रांतीच्या पुढेमागे गावचे आणि शेजारच्या दोन-तीन गावांचे मिळून पंधरा-वीस जणांचा एक जथा गोळा होई. त्यात एखादा आधी जाऊन आलेला असे आणि तोच म्होरक्या ठरे. हिशेब जाणणारा दुसरा कारभारी होई, आणि सर्वांची तिकिटे व सामायिक पैसा त्याच्या कमरेच्या कशात राही. विधवा बाया अशा जथ्यात बहुसंख्य असत, कारण ज्या घरात त्यांच्या बाहेर पडण्यावर बारा महिने डोळा असे, त्या घरालाही यात्रेला नाही म्हणवत नसे. बल्लारशाहपर्यंत बैलगाड्यांची वाट, मध्ये कोठारीकडे मुक्काम. आणि स्थानकावर पोहोचल्यावर गाडीची वेळ कोणालाच नेमकी ठाऊक नसल्यामुळे आदल्या दिवशीच फलाटाबाहेर चुलीचे तीन दगड मांडलेले. सामानात दोन वळकट्यांमागे एक पत्र्याची ट्रंक, मुरमुरे-पोह्यांची गाठोडी, तांदळाच्या भाकरी, लसूण-मिरचीचा ठेचा, आणि प्रत्येकाजवळ फिरकीचा तांब्या. या तांब्याचे झाकण पेचाने बसे, गाडीच्या धक्क्याने पाणी सांडत नसे, आणि परक्याच्या हातचे पाणी न पिण्याचा नेमही त्यामुळे पाळता येई; येताना त्याच तांब्यात गंगा भरून, लाखेने तोंड बंद करून आणली जाई. रात्री आळीपाळीने एकाने जागे राहावयाचे, स्थानक आले की एकाने उतरून जागा धरावयाची आणि बाकीच्यांनी खिडकीतून गाठोडी लोटावयाची, म्हाताऱ्यांना मध्ये घेऊन बसावयाचे, हे नियम कोणी लिहून ठेवलेले नव्हते, पण ते मोडणाऱ्याची पुढल्या वर्षी वर्णी लागत नसे.

तिसऱ्या वर्गाचा हा प्रवास सुखाचा होता असे म्हणणे सत्याचा अपलाप होईल. डब्यातील गर्दी, घाण, उतारूंशी होणारे उर्मट वर्तन यांविषयी महात्मा गांधींनी १९१७ मध्ये जाहीरपणे लिहिले, आणि ज्या वर्गाच्या भाड्यावर रेल्वेचे उतारू-उत्पन्न मुख्यतः उभे आहे त्याच वर्गाची सर्वांत अधिक हेळसांड होते, हे त्यांनी दाखवून दिले. तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द होईपर्यंत खेड्यातील माणसाचा रेल्वेप्रवास म्हणजे हाच वर्ग होता. जथ्याने जाण्याचा रिवाज या हालांतून अधिक घट्ट झाला, कारण एकट्या माणसाला त्या डब्यात बसण्यापुरतीही जागा मिळण्याची शाश्वती नव्हती.

या प्रवासाला सरहद्दीही होत्या, आणि गोंडपिपरीच्या माणसाला त्यांची ओळख फार जवळून होती. वर्धेच्या अलीकडे मध्यप्रांताचा अमल, पलीकडे निजामाचा. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या व पुढे त्या राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि तो चांद्याकडे आला १९५९ मध्ये. निजामाच्या राज्यात माल नेण्याआणण्यावर करोडगिरीची जकात होती, दप्तर उर्दूत होते आणि नाणे निराळे होते. इंग्रजी अमलातील रुपयाला लोक कलदार म्हणत, निजामाच्या रुपयाला हाली. आणि सहा कलदारांस सात हाली असा भाव होता. म्हणजे बल्लारशाहला गाडीत बसलेला यात्रेकरू वर्धेचा पूल ओलांडताच दुसऱ्या नाण्याच्या मुलुखात शिरे, आणि काझीपेठच्या पुढे कृष्णेकडे उतरल्यावर पुन्हा कलदाराच्या राज्यात येई. कारभाऱ्याच्या कशात दोन्ही प्रकारचे पैसे निरनिराळ्या पुरचुंड्यांत बांधलेले असत. खालसा मुलुखाच्या नि संस्थानांच्या सीमा ओलांडीत, भाषा न समजताही तीर्थोपाध्यायाच्या वहीतील आपल्या आज्या-पणज्याच्या नावाचा धागा धरून, ही माणसे भरतखंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन येत. मुक्कामाला धर्मशाळा असे, तेथे बहुधा तीन दिवस फुकट राहता येई आणि भांडी मिळत. गावी परतल्यावर मावंदे घालून, गंगेचे तीर्थ घरोघर वाटून, यात्रा रीतसर पुरी होई. पंढरपूरला जाणाऱ्यालाही असाच पल्ला होता; कुर्डुवाडीहून पंढरपुरास १९०६ पासून बार्शी लाइट रेल्वे जाऊ लागली.

आता युरोपकडे वळू. तेथील सामुदायिक रेल्वे-प्रवासाचा आरंभ सांगावयाचा तर १८४१ च्या जुलैमध्ये टॉमस कुक यांनी लेस्टर ते लफबरो अशी, माणशी एक शिलिंग घेऊन, सुमारे पाचशे लोकांची जी गाडी नेली तिच्यापासून तो सांगतात. त्या गाडीला कारण होते; ती दारूबंदीच्या सभेला चालली होती. त्याआधीच्या काळात इंग्लंडातील उमरावांची मुले फ्रान्स-इटलीचा मोठा फेरा करीत, आणि त्यालाही शिक्षणाचे कारण लावलेले असे. प्रकृतीसाठी हवापालट, चर्चसाठी तीर्थाटन, कलेसाठी रोम. विनाकारण हिंडणाऱ्याला तेथेही भटक्याच म्हणत. हे चित्र पालटले ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. बर्लिनजवळच्या श्टेग्लित्स येथील शाळकरी मुलांनी १९०१ मध्ये 'वांडरफोगेल' या नावाची मंडळी स्थापन केली आणि सुटीत टोळ्या करून रानावनांतून हिंडण्याचा छंद जर्मनीभर पसरविला. रिशार्ड शिरमान या शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्यांना सहलीवर नेताना रात्रीच्या आसऱ्याची अडचण जाणवली, आणि त्यातून अल्टेनाच्या किल्ल्यात १९१२ मध्ये पहिले कायमचे युवा वसतिगृह उघडले गेले. थोड्या पैशांत खाट, सामायिक स्वयंपाकघर, आणि सकाळी आपले अंथरूण आपण आवरून निघावयाचे, हा त्याचा शिरस्ता. आपल्या धर्मशाळेच्या रीतीशी तो इतका जुळतो की मधला फरक पुण्याचा तेवढा उरतो. भारतात युथ हॉस्टेल चळवळीची संघटना १९४९ मध्ये उभी राहिली.

दोन महायुद्धांत याच रुळांवरून सैन्ये आणि बंदिवान नेले गेले. युद्धानंतर, राष्ट्राराष्ट्रांतील वैर शमविण्याची निकड आणि मोटारी-विमानांच्या स्पर्धेत रिकाम्या पडू लागलेल्या डब्यांची चिंता, या दोन अगदी निराळ्या गरजा एकत्र आल्या. परखंडातील प्रवाशांसाठी तेरा देशांत चालणारा युरेल पास १९५९ मध्ये निघाला. पुढे आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाला पन्नास वर्षे पुरी झाली तेव्हा, १९७२ मध्ये, एकवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना एकवीस देशांत महिनाभर दुसऱ्या वर्गाने हिंडता येईल असा इंटररेल पास काढण्यात आला. स्वदेशात मात्र तिकिटाचे अर्धे पैसे भरावे लागत. तो पास एका उन्हाळ्यापुरता म्हणून निघाला होता आणि मागणी पाहून कायम झाला. वयाची अटही पुढे सव्वीसपर्यंत सैल केली गेली. शेंगेनच्या कराराने १९९५ पासून सरहद्दीवरची तपासणी उठू लागेपर्यंत हे तरुणही पारपत्र दाखवीत, फ्रँक, मार्क आणि लिरा निरनिराळ्या खिशांत ठेवीत हिंडत होते. कलदार आणि हाली निरनिराळ्या पुरचुंड्यांत बांधणाऱ्या आमच्या कारभाऱ्याला त्यांची पंचाईत सहज कळली असती.

येथे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहिले म्हणजे साम्य उघड दिसते आणि भेद त्याहून उघड. जथा तोच, वर्तुळाकार मार्ग तोच, स्वस्त आसरा, सामायिक खर्च आणि परक्या भाषेतील धांदल हीही तीच. भेद आहे तो वयाचा आणि कारणाचा. युरोपने हिंडण्याची सवलत दिली ती संसारात पाऊल टाकण्यापूर्वीच्या माणसाला. आमच्या समाजाने ती दिली संसारातून पाऊल काढलेल्याला. मुलींची लग्ने झाली, शेत मुलाच्या हाती गेले, मग काशी. तरुण माणूस घराबाहेर पडला तर त्याच्यापाशी मिळकतीचे कारण असले पाहिजे, असा दंडक होता. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघाले तेव्हा ते तिशीत होते, आणि ते निघाले घरावरचे कर्ज फेडण्यासाठी, मथुरेत बायजाबाई शिंदे यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने. त्यांच्या हाती बंडाच्या धामधुमीचा अनुभव लागला आणि १९०७ मध्ये 'माझा प्रवास' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, ही पुढची गोष्ट. पण घरातून निघताना सांगितलेले कारण पैशाचे होते.

या दंडकाला चांद्याच्या मुलुखात पहिला मोठा धक्का बसला तो १९५६ मध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला १४ ऑक्टोबर रोजी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांद्याला येऊन तेथेही हजारो लोकांना दीक्षा दिली. त्या दोन्ही ठिकाणी आणि त्यानंतर दर वर्षी ६ डिसेंबरला मुंबईच्या चैत्यभूमीकडे जे जथे खेड्यापाड्यांतून निघू लागले, त्यांत केवळ वृद्ध नव्हते. तान्ही मुले घेतलेल्या बाया, शाळेतील पोरे, शेतमजूर तरुण, अवघी वस्तीच्या वस्ती शिदोऱ्या बांधून गाडीत चढू लागली, आणि वाटेत पुस्तकांची गाठोडी विकत घेऊन परतू लागली. ज्यांना काशीच्या धर्मशाळेत दार उघडले नसते, त्यांनी आगगाडीने जथ्याने जाण्याची जुनी रीत उचलली आणि तिच्यातील वयाची अट काढून टाकली.

दुसरा धक्का सौम्य होता. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनाच्या कामातून मूलजवळ सोमनाथचा प्रकल्प निघाला, आणि १९६७ नंतरच्या काळात तेथे मे महिन्याच्या कडक उन्हात तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरू लागल्या. पुण्या-मुंबईची महाविद्यालयीन मुले-मुली पाठीवर पिशव्या टाकून आगगाडीने येत, दिवसा बांध घालीत, रात्री गाणी आणि वादविवाद करीत. कोळशासाठी बांधलेल्या वरोऱ्याच्या स्थानकाला तरुणांच्या टोळ्या दिसल्या त्या या निमित्ताने. याच परंपरेतून डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर भारत जोडो अभियान निघाले. येथे तरुण होते, मित्र होते, अनोळखी मुलूख होता. पण श्रमाचे आणि राष्ट्रैक्याचे कारण तेथेही पुढे उभे होतेच. शिवाय हे तरुण बाहेरून आमच्या जिल्ह्यात येत होते. गोंडपिपरीचे तरुण कोठे जात होते?

ते नदीपलीकडे जात होते, आणि अजून जातात. माघ-फाल्गुनात धानाची कामे संपली की गोंडपिपरी, मूल, चामोर्शी, अहेरी या भागांतील मजुरांच्या टोळ्या मिरची तोडण्यासाठी तेलंगणात उतरतात. खम्मम-वरंगळच्या शेतांत ते दीड-दोन महिने राहतात. बरोबर तांदूळ, डाळ, पातेली, अंथरुणे आणि कित्येकदा लहान मुलेही असतात. मजुरी वजनावर मिळते, आणि घरच्या वर्षभराच्या तिखटापुरती मिरचीही परतताना गाठोड्यात येते. येथेही एक म्होरक्या असतो, मुकादम. येथेही एकाच्या खिशात सर्वांचा हिशेब असतो. झोपावयाचे आळीपाळीने आणि आजाऱ्याला मध्ये घेऊन चालावयाचे, हेही तसेच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली तेव्हा या जिल्ह्यांतील हजारो मिरची-मजूर तेलंगणात अडकले. गाड्या बंद होत्या, जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या, आणि कित्येक टोळ्या रान तुडवीत, नदी ओलांडून पायी घरी आल्या. करोडगिरीचा नाका जाऊन सत्तर वर्षे झाली असता वर्धा-प्राणहितेचे पात्र पुन्हा एकदा सरहद्द झाले होते.

तेव्हा या मुलुखातील माणूस हिंडला नाही, हा आरोप टिकत नाही. वृद्ध पुण्यासाठी हिंडले, उपेक्षित सन्मानासाठी हिंडले, तरुण पोटासाठी हिंडले. आणि सर्व जण जथ्याने, गाठोडी बांधून, मिळेल त्या डब्यात हिंडले. ज्याची वाण राहिली ती एकाच प्रकारच्या प्रवासाची, तरुण वयात मित्रांबरोबर काही कारण न दाखविता केलेल्या प्रवासाची. आणि युरोपचा इतिहास असे सांगतो की ही वाण स्वभावातून उपजत नाही. तेथील मुलांना असा प्रवास वारशाने मिळालेला नव्हता. शिक्षकांनी वसतिगृहे उघडली, रेल्वे-कंपन्यांनी रिकाम्या जागा स्वस्तात विकल्या, सरकारांनी सरहद्दी सैल केल्या, आणि मग ती प्रथा पिढीजात वाटू लागली. युरोपीय संघाने २०१८ पासून अठरा वर्षांच्या निवडक तरुणांना रेल्वेचे पास फुकट देण्यास आरंभ केला. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये तीर्थदर्शन योजना काढली, तिची वयोमर्यादा साठ वर्षे व त्यापुढील आहे. दोन्ही योजनांमागे सद्भाव आहे, दोन्हींत सार्वजनिक पैसा आहे. परंतु माणसाने आपला देश कोणत्या वयात पाहावा, या प्रश्नाला दोन समाजांनी दिलेली उत्तरे या दोन आकड्यांत जशी नेमकी उतरली आहेत तशी ती कोणत्याही निबंधात उतरणार नाहीत. साठीनंतर पाहिलेल्या देशाने मनाला शांती लाभेल. विसाव्या वर्षी पाहिलेल्या देशाने पुढली चाळीस वर्षे कशी घालवावी याचा विचार बदलू शकतो.

रुळांचे काम तर अजून चालूच आहे. चांदा फोर्टची छोटी लाइन १९९९ मध्ये रुंद झाली. वडशाहून गडचिरोलीकडे नवा मार्ग टाकला जात आहे. आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यावर सागाच्या ओंडक्यांच्या जागी सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावत आहेत, आणि उद्या या बाजूला रूळ आलेच तर ते पूर्वीप्रमाणेच खनिजासाठी येतील, यात शंका घेण्याचे कारण नाही. त्याने निराश होण्याचेही कारण नाही, कारण कोळशाच्या गाडीने काशीला जाणाऱ्या पूर्वजांनी रेल्वे कोणासाठी बांधली हे विचारले नव्हते. भारतीय रेल्वेच्या नियमांत चक्राकार प्रवासाचे तिकीट आजही आहे. जेथून निघालो तेथेच परत यावयाचे, वाटेत आठ ठिकाणांपर्यंत उतरावयाचे, आणि सबंध अंतरावर लांब पल्ल्याच्या उतरत्या दराने भाडे भरावयाचे, अशी त्याची तरतूद आहे. बल्लारशाहहून निघून काशी, कलकत्ता, पुरी, रामेश्वर करीत पुन्हा बल्लारशाहला उतरण्यास ती पुरेशी आहे. तिकीट मागणाऱ्याने मार्ग सांगावा लागतो. प्रवासाचे कारण सांगावे, असे कलम त्या नियमांत कोठेही नाही.